त्रास देणाऱ्या युजरला हसत हसत वठणीवर आणायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सत्तर कॉम्प्युटरचं ऑफिस. दारात लिनक्सचा एकच सर्व्हर, तोच गेटवे (इंटरनेटकडे जायची वाट), तोच फाइलशेअर, प्रिंटही त्याच्यातूनच. आत विंडोजचं डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच ठिकाणाहून चालतात. चार युजर डोकं खातात: एक दिवसभर डाउनलोड लावून ठेवतो, एक घरच्या लग्नाच्या पत्रिका ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर काढतो, एक पीसी उघडा टाकून चहाला जातो, आणि एकाचा पासवर्ड रोज सकाळी ‘चालत नाही’. तुमच्या सीनियरने सांगितलं, पहिल्याच्या ब्राउझरमधली सगळी चित्रं उलटी करून टाक, उघड्या पीसीवर निळा मृत्यूवाला (विंडोज कोसळल्यासारखा निळा पडदा दाखवणारा) स्क्रीनसेव्हर लाव, बाकीच्यांचंही असंच काहीतरी कर. तुम्हाला हवंय ते दोन ओळींत: हे करायचं कसं, आणि नोकरी न जाता यातलं किती चालतं?

हे दोन प्रश्न आहेत. गंमत करायची हा एक, त्रास थांबवायचा हा दुसरा. सिस्टिम ॲडमिनच्या विनोदात दोन्ही एकत्र येतात, म्हणून तो आपल्याला इतका गोड लागतो. १९९०च्या दशकात न्यूझीलंडच्या सायमन ट्रॅवाग्लियाने यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर जो खुनशी ऑपरेटर उभा केला, त्याची सगळी मजा एका गृहीतकावर उभी आहे: लॉग फक्त त्यालाच वाचता येतात आणि त्याच्या साहेबाला काही कळत नाही. ‘लार्ट’ म्हणजे युजरला वठणीवर आणायचं दांडकं, ‘दोष खुर्ची आणि कीबोर्डच्या मधे आहे’, ‘आठव्या लेयरचा प्रॉब्लेम’ (नेटवर्कच्या मॉडेलमधले सातही लेयर ठीक, बिघाड त्यावर बसलेल्या माणसात) हा सगळा शब्दसाठा त्याच काळातल्या कॉम्प्युटर रूममधला. तुमच्या ऑफिसात मात्र लॉगमध्ये तुमचंही नाव पडतं, आणि ते वाचणारा कोणीतरी असतोच.

काय चालेल हे तीन गोष्टींवर ठरतं. ऑफिसचं लेखी आयटी धोरण आहे का, आणि त्यात ‘वापरावर मर्यादा घालता येईल’ असं वाक्य आहे का. इंटरनेटच्या त्याच लाइनवर फोन किंवा व्हिडिओ मीटिंग चालतात का. आणि ऑफिस सरकारी आहे की खासगी; सरकारी असेल तर तक्रारींच्या नोंदी माहिती अधिकारात कोणीही मागू शकतं, तेव्हा तिकिटाच्या वर्गवारीत ‘आठवा लेयर’ लिहायचा मोह आवरा. खासगीतसुद्धा बहुतेक हेल्पडेस्क सॉफ्टवेअर तिकीट बंद करताना शेरा युजरलाच मेल करतं. ‘आतला शेरा’ आणि ‘उत्तर’ ही दोन बटणं शेजारी-शेजारी असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कायद्याचं एकदाच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा प्रभारी माणसाच्या परवानगीविना सिस्टिममध्ये व्यत्यय आणणं, हक्काच्या वापरकर्त्याला अडवणं हे सगळं येतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड हातात आहे म्हणजे मालकाची परवानगी मिळाली असं होत नाही. उलट्या चित्रांसाठी कोणी पोलिसांत जाणार नाही, पण कारणे दाखवा नोटिशीला तेवढंही लागत नाही.

आता सीनियरच्या उलट्या चित्रांकडे वळू. २००६ च्या सुमारास ही युक्ती प्रसिद्ध झाली. शेजारी वायफाय फुकट वापरत होते, म्हणून एका पठ्ठ्याने त्यांचा सगळा वेबचा रहदारीमार्ग स्क्विड प्रॉक्सीकडे (मधे बसून वेबपानं आणून देणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) वळवला. स्क्विडला एक छोटी पर्ल स्क्रिप्ट जोडली. चित्राचा पत्ता दिसला की स्क्रिप्ट ते चित्र उतरवून घ्यायची, इमेजमॅजिक या चित्रं बदलायच्या सॉफ्टवेअरच्या मॉग्रिफाय आज्ञेने उलटं करायची आणि आपल्याच वेबसर्व्हरवरून परत द्यायची. ‘फ्लिप’च्या जागी ‘ब्लर’ टाकलं की चित्रं धूसर, आणि माणूस चष्मा पुसत बसणार.

तेव्हा ते चाललं कारण वेब साध्या एचटीटीपीवर होतं. आज जवळजवळ प्रत्येक साइट एचटीटीपीएसवर आहे, त्यामुळे गेटवेला चित्र दिसतच नाही, फक्त साइटचं नाव आणि कूटबद्ध बाइट्स दिसतात. ते उघडायचं म्हणजे स्वतःचं रूट सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला देणारं मूळ प्रमाणपत्र) प्रत्येक मशीनवर बसवून स्क्विडला मधे बसवायचं. तांत्रिकदृष्ट्या जमतं, पण त्या क्षणापासून तुमच्या गेटवेवरून लोकांचे बँकेचे पासवर्ड साध्या मजकुरात जातात. गमतीसाठी तर सोडाच, लेखी आदेशाशिवाय हे कशासाठीच करू नका. सर्टिफिकेट न बसवता केलं तर ब्राउझर लाल इशारा दाखवतो. काही साइट्सवर पुढे जाताच येत नाही, आणि जिथे जाता येतं तिथे तुम्ही लोकांना ‘तरीही पुढे जा’ दाबायची सवय लावता. उद्या खरा भामटा मधे बसला तर तेच बोट तेच बटण दाबेल. ही युक्ती आता फक्त सांगायला उरली आहे.

मग डाउनलोडवाल्याचं काय? इथे लोकांना लिनक्सच्या टीसी या रहदारी आवरायच्या आज्ञेतलं नेटएम आठवतं; ते लाइनमध्ये मुद्दाम बिघाड घालतं. त्या युजरच्या डेटाच्या पाकिटांना २०० मिलिसेकंद उशीर, २ टक्के पाकिटं गायब, आणि पठ्ठ्या दिवसभर म्हणत राहणार ‘आज नेट जरा जड आहे’. यात दोन फजित्या ठरलेल्या. पहिली, नेटएम इंटरफेसच्या (नेटवर्क कार्डाच्या) मुळाशी लावलं की ते एकट्याला लागत नाही, त्या इंटरफेसवरून जाणाऱ्या सगळ्यांना लागतं, तुमच्या स्वतःच्या एसएसएचलाही (दुरून सर्व्हर चालवायच्या जोडणीला). एकट्याला लावायचं तर प्रायो (प्राधान्याची) रांग, तिच्या एका पट्ट्यात नेटएम आणि त्याच्या आयपीचा फिल्टर असं तीन मजली बांधावं लागतं. आणि मशीनना आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीने उद्या तो आयपी हिशेबनीसाच्या मशीनला दिला की जीएसटीच्या शेवटच्या दिवशी शिक्षा त्याला. दुसरी फजिती जास्त वाईट. युजरला कारण माहीत नसल्यामुळे तो तक्रार करतो, ती तक्रार तुमच्याकडेच येते, आणि तुम्हीच घातलेल्या बिघाडाचा तपास केल्यासारखं तोंड करून दोन तास घालवावे लागतात.

जे खरंच लागू पडतं ते याच्या उलटं आहे: त्याला वेगळं काढायचंच नाही. लिनक्सच्या ४.१९ पासूनच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ‘केक’ नावाची, लाइन वाटून देणारी रांग आहे. ती का लागते ते बघा. डाउनलोड मॅनेजर एका फाइलसाठी १६ कनेक्शन उघडतो, तुमच्या शेजारच्या बाई एक मेल उघडतात. साधी न्याय्य रांग कनेक्शनमागे वाटा देते, म्हणजे एकाला १६ वाटे, बाईंना एक. केकला ‘ड्युअल-डीएसटीहोस्ट’ सांगितलं की आधी माणशी, म्हणजे मशीनमागे, वाटणी होते आणि मग त्या मशीनच्या वाट्यात त्याची कनेक्शनं आपसात भांडतात. १०० एमबीपीएसच्या लाइनवर दहा मशीन एकाच वेळी ओढत असतील तर १६ कनेक्शनवाल्यालाही साधारण दहावा हिस्साच. संध्याकाळी सातला ऑफिस रिकामं झालं की हवी तेवढी लाइन त्याची.

आज्ञा अशी (टाइप रोमनमध्येच करायची): टीसी क्यूडिस्क रिप्लेस डेव्ह ईटीएच१ रूट केक बँडविड्थ ९०एमबिट ड्युअल-डीएसटीहोस्ट. ईटीएच१ म्हणजे आतल्या बाजूचं कार्ड. आकडा लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के ठेवा, आणि खरा वेग म्हणजे बिलावरचा नव्हे, दुपारी तीनला मोजलेला. १०० लिहिलं आणि लाइन ९४ च देत असेल तर रांग तुमच्याकडे न लागता इंटरनेट कंपनीच्या टोकाला लागते, आणि तिथे केकचं काही चालत नाही.

तुमच्या ऑफिसात मात्र ही ओळ अशीच टाकू नका. तुमचा गेटवे आणि फाइलशेअर एकच मशीन आहे. आतल्या कार्डावर ९० एमबिटची मर्यादा घातली की गिगाबिटवर चालणारी फाइल कॉपीसुद्धा ९० एमबिटवर येईल. २ जीबीची बॅकअप फाइल जी वीस-पंचवीस सेकंदांत यायची तिला तीन मिनिटं लागतील, आणि मग सत्तर जण तुम्हाला वठणीवर आणतील. तुमच्यासारख्या रचनेत बाहेरच्या कार्डावर येणारी रहदारी आयएफबी या आभासी इंटरफेसवर वळवायची आणि केक तिथे लावायचा, ‘नॅट’ (आतल्या मशीनचे खरे पत्ते बघायला) आणि ‘इन्ग्रेस’ (रहदारी आत येणारी आहे हे सांगायला) हे दोन शब्द जोडून. ‘नॅट’ विसरलात तर केकला बाहेरून सगळं ऑफिस एकाच आयपीचं दिसतं आणि माणशी वाटणी होतच नाही. अपलोडसाठी बाहेरच्या कार्डाच्या मुळाशी दुसरा केक, ‘ड्युअल-एसआरसीहोस्ट’ आणि पुन्हा ‘नॅट’सह. लावल्यावर टीसी -एस क्यूडिस्कने आकडे बघा: बाइट्स वाढत नसतील तर वळवायचा फिल्टर बसलेला नाही. आणि हे सगळं रीबूटला पुसलं जातं, तेव्हा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाका.

प्रिंटर. इथली जुनी खोडी सगळ्यांना आवडते आणि करायला एक मिनिट लागतं. लेझरजेटच्या छोट्या पडद्यावर ‘रेडी’ लिहिलेलं असतं. प्रिंटरला हुकूम द्यायच्या पीजेएल भाषेत आरडीवायएमएसजी नावाची आज्ञा आहे, ती नेटकॅटने (नेटवर्कवर कच्चा मजकूर पाठवणाऱ्या आज्ञेने) प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर पाठवली की ‘रेडी’च्या जागी तुमचा मजकूर येतो. जगभर लोक ‘नाणं टाका’ लिहितात. जुन्या मॉडेलच्या पडद्यावर ओळीत १६ अक्षरंच मावतात आणि देवनागरी दिसत नाही, तेव्हा ‘पाच रुपये टाका’ रोमनमध्ये लिहून सोळात बसतं की नाही ते मोजून घ्या. रिकामा मजकूर पाठवला की ‘रेडी’ परत येतं. यात कोणाचं काम अडत नाही, छपाई चालू राहते. फक्त एप्रिलची १ तारीख असू द्या आणि टोनरवाल्याला आधी सांगून ठेवा. नाहीतर तो मशीन बिघडलं म्हणून येऊन भेटीचं बिल लावेल.

पण ही खोडी जमली याचा अर्थ काय झाला ते बघा. पासवर्ड न विचारता प्रिंटरने तुमचं ऐकलं. म्हणजे नेटवर्कवरच्या कोणाचंही ऐकेल. हसून झालं की प्रिंटरच्या वेबपानावर जाऊन प्रवेशाच्या यादीत फक्त प्रिंट सर्व्हरचा आयपी ठेवा. लग्नपत्रिकावाल्यावरही हाच पहिला उपाय. तो थेट प्रिंटरला पाठवत असेल तर सर्व्हरवरचा कोणताही कोटा त्याला लागणारच नाही.

मग कोटा. कप्समध्ये (लिनक्सच्या छपाई यंत्रणेत) एलपीॲडमिन या आज्ञेने दोन पर्याय लावायचे: जॉब-कोटा-पिरियड=६०४८००, म्हणजे सेकंदांत एक आठवडा, आणि जॉब-पेज-लिमिट=५०. ही मर्यादा त्या रांगेवरच्या प्रत्येक युजरला सारखीच लागते, एकट्याला कमी-जास्त करता येत नाही. अकाउंट्सला जास्त लागत असेल तर त्याच प्रिंटरची दुसरी रांग करा आणि तिच्यावर ठरावीक नावांनाच परवानगी द्या. एक अडचण मात्र नेहमी येते. विंडोजचा ड्रायव्हर पानं स्वतःच तयार करून पाठवत असेल आणि तुमची रांग ‘रॉ’ (आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलणारी) असेल, तर कप्सला पानं मोजता येत नाहीत आणि कोटा नुसता कागदावर राहतो. पेज लॉग उघडून दहा पानांची फाइल खरंच दहा दाखवते का ते आधी पाहा. नसेल तर पानांच्या कोट्याचा नाद सोडा, प्रिंटरवरच रंगीत छपाईला पिन लावा. लग्नाची पत्रिका काळी-पांढरी छापायला कोणी ऑफिसात थांबत नाही.

उघडा पीसी. त्याच्या नावाने सगळ्यांना ‘उद्या माझ्यातर्फे वडापाव’ असा मेल टाकायची प्रथा अनेक ऑफिसांत आहे. वडापाव मिळतोही. पण तो मेल त्याने पाठवला नाही हे लॉगमधून सिद्ध होत नाही, आणि एकदा ‘माझ्या पीसीवरून दुसराच कोणीतरी पाठवतो’ ही सबब ऑफिसने हसत मान्य केली की पुढच्या खऱ्या प्रकरणात तीच सबब समोर येते. डेस्कटॉपचा फोटो वॉलपेपर करून खरे आयकॉन लपवणं त्यामानाने सौम्य. निळा मृत्यूवाला स्क्रीनसेव्हर मात्र नको. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरणं, आणि सेव्ह न केलेली एक्सेलची फाइल जाते. ती परत आणायचं काम कोणाकडे येतं?

सरळ मार्ग: विंडोज आणि एल दाबून पीसी लॉक करा, कीबोर्डवर चिठ्ठी ठेवा, ‘येऊन गेलो. काही पाहिलं नाही. ह्या वेळी.’ आणि ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधल्या मशीनना एकदम लागणाऱ्या नियमांत) सिक्युरिटी ऑप्शन्सखाली मशीन इनॲक्टिव्हिटी लिमिट ६०० सेकंद करा. १२० करू नका. दोन मिनिटांत लॉक होणारा पीसी म्हणजे लोक माउस मनगटी घड्याळावर ठेवून जातात; सेकंदकाटा फिरला की माउसला वाटतं हात हलतोय, आणि पीसी आधीपेक्षाही जास्त वेळ उघडा राहतो. मीटिंग रूमचा पीसी वेगळ्या गटात ठेवा, नाहीतर साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्येच पडदा काळा.

चौथा, रोज सकाळी पासवर्ड न चालणारा. याला ‘कॅप्स लॉक बघा’ सांगून फोन ठेवायचा, ही ठरलेली शिक्षा. त्याआधी डोमेन कंट्रोलरच्या (सगळ्यांचे पासवर्ड तपासणाऱ्या विंडोज सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची घटना शोधा. खातं लॉक झालं की ती पडते आणि तिच्यात ‘कॉलर कॉम्प्युटर नेम’ असतं, म्हणजे चुकीचा पासवर्ड कुठून येत होता त्या मशीनचं नाव. ते नाव त्याच्या स्वतःच्या पीसीचं नसेल तर बिचारा खरं बोलतोय. नेहमीचे संशयित ठरलेले आहेत: दुसऱ्या मशीनवर जुना पासवर्ड साठवून जोडलेला ड्राइव्ह, त्याच्या नावाने लावलेलं शेड्युल्ड टास्क, बंद न करता तोडलेलं रिमोट डेस्कटॉप सेशन. नाव वायफायचा पासवर्ड तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरचं असेल तर खिशातला फोन. रोज साधारण त्याच वेळेला लॉक होत असेल तर आधी टास्क बघा, फोन नंतर. ही घटना लॉगमध्ये दिसतच नसेल तर कंट्रोलरवर ‘युजर अकाउंट मॅनेजमेंट’चं ऑडिट चालू नाही. चार जणांत शिक्षेला सर्वांत कमी पात्र हाच निघायची शक्यता जास्त, म्हणून सुरुवात याच्यापासून करा. काम अर्ध्या तासाचं आहे आणि सकाळचा एक फोन कायमचा जातो.

हे सगळं करून हात तरीही शिवशिवत असतील तर सर्व्हरवर सुडो (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवायची सोय) वापरणारे जे चार-पाच जण आहेत त्यांच्यावर भागवा. सुडोमध्ये अपमान आधीपासूनच भरलेले आहेत. विसुडो (सुडोच्या सेटिंग्ज तपासून साठवणारी आज्ञा) उघडून ‘डिफॉल्ट्स इन्सल्ट्स’ ही ओळ टाकली की चुकीच्या पासवर्डावर ‘सॉरी, ट्राय अगेन’च्या जागी प्रत्येक वेळी वेगळा टोमणा येतो. त्यासाठी सुडो बांधतानाच टोमणे आत घेतलेले असावे लागतात. उबुंटूच्या २५.१० च्या आधीच्या आवृत्त्यांत ते असतात, नुसते बंद ठेवलेले. स्वतःचा मजकूर हवा असेल तर ‘इन्सल्ट्स’ न लावता ‘बॅडपास_मेसेज’ वापरा, कारण टोमणे चालू असताना तो दिसत नाही. तो मजकूरही रोमनमध्ये लिहा: सर्व्हरच्या साध्या कन्सोलवर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात आणि टोमणा वाया जातो. दुसऱ्या खिडकीत एक रूट शेल उघडा ठेवूनच हे करा, आणि फाइल थेट एडिटरने न उघडता विसुडोनेच. एक स्वल्पविराम चुकला तर सुडोच्या जुन्या आवृत्त्या कोणालाच आत घेत नाहीत, तुम्हालाही नाही.

तिथे असताना आणखी एक तपासा. यादीत नाव नसलेल्याने सुडो चालवलं की ‘या घटनेची नोंद कळवली जाईल’ अशी धमकी येते आणि मेल रूटला जातो. बहुतेक सर्व्हरवर रूटची पेटी कोणी उघडत नाही, किंवा मेल पाठवणारं सॉफ्टवेअरच बसवलेलं नसतं. सुडोअर्स या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मेलटू’ स्वतःच्या पत्त्यावर लावा आणि एका साध्या खात्यातून मुद्दाम सुडो चालवून मेल येतो का ते पाहून घ्या.